दफ्तर कोणाचे? : अमानतीचा एक विसरलेला अध्याय



अमानत हा शब्द उच्चारताच आपल्या मनात पैसा, दागिने किंवा जमीन उभी राहते. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेली रक्कम त्याला जशीच्या तशी परत करणे म्हणजे अमानतदारी, इतके आपण लहानपणापासून शिकलो आहोत. परंतु कागद हीसुद्धा अमानत आहे आणि पुष्कळदा ती पैशाहून भारी अमानत असते, याचा विचार आपल्या जमाती, मशिदी, दर्गे, मदरसे व शिक्षणसंस्था यांच्या कारभारात फार क्वचित होतो. पैसा हरवला तर तो पुन्हा कमावता येतो. शंभर वर्षांपूर्वीची सनद हरवली, तर ती पुन्हा लिहून देणारा कोणी उरलेला नसतो.

हा विचार आजच का करावयाचा, याला कारण आहे. वक्फ सुधारणा कायदा 8 एप्रिल 2025 पासून अमलात आला. त्यानंतर 6 जून 2025 रोजी ‘उमीद’ हे केंद्रीय पोर्टल सुरू झाले आणि देशातील नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचा तपशील सहा महिन्यांच्या मुदतीत त्यावर भरावा, असे सांगण्यात आले. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा न्यायालयात व इतरत्र झाली आहे, होत आहे. तो या लेखाचा विषय नाही. आपला विषय त्या सहा महिन्यांत उघडलेल्या कपाटांचा आहे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या लोखंडी पेट्या उघडल्या गेल्या. मोडीतले कागद, फारसी शिक्क्यांच्या सनदा, सातबारे, मिळकतपत्रिका, भाडेकरार, जमाखर्चाच्या वह्या बाहेर आल्या. ज्या मुतवल्लींना संगणक हाताळता येत नव्हता, त्यांच्यापुढे बाहेरच्या माणसाकडे जाण्यावाचून मार्ग नव्हता. कोणी कागद संगणक केंद्रात नेले, कोणी करसल्लागाराकडे दिले, तर कोणी ओळखीच्या एखाद्या तरुणाच्या हाती सोपविले.

कोल्हापूर जिल्ह्याला या कामाची निकड आणखी एका कारणाने कळली आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. शहरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत आणि शिरोळ तालुक्यातील गावोगावी पुराचे पाणी शिरले. भिजलेली भिंत वाळते, पण शाईने लिहिलेले रजिस्टर चार दिवस पाण्यात राहिले की त्यातील नावे परत येत नाहीत. म्हणून कागदांचे छायाचित्रण करून ठेवावे, त्यांची संगणकीय प्रत असावी, ही इच्छा योग्यच आहे. त्यात कसलाही दोष नाही.

दोष पुढच्या पायरीवर सुरू होतो. समजा, एका जमातीने आपल्या सर्व वह्या एका सेवादात्याकडे दिल्या. तोंडी ठरले, आगाऊ रक्कम दिली, काम सुरू झाले. वर्षाने पैशावरून मतभेद झाला. सेवादाता म्हणतो, उरलेली रक्कम दिल्याशिवाय वह्या मिळणार नाहीत आणि संगणकातील प्रतीही मिळणार नाहीत. जमात म्हणते, वह्या आमच्या. तो म्हणतो, प्रती माझ्या मेहनतीच्या. पोर्टलवरील खाते त्याच्याच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले असते, म्हणून जमातीला स्वतःचीच माहिती पाहता येत नाही. अशा वेळी प्रश्न उभा राहतो : दफ्तर कोणाचे?

लिहिणारा आणि लिहून घेणारा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दिव्य कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल्-बकरह, 2 : 282) नमाज, रोजा किंवा हज यांच्याविषयी नाही. ती नोंद ठेवण्याविषयी आहे. मुदतीचे देणेघेणे झाले तर ते लिहून ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आदेश आहे.

या आयतीतील पात्रांकडे लक्ष द्या. देणेकरी आहे, घेणेकरी आहे, साक्षीदार आहेत आणि या सर्वांहून वेगळा असा एक ‘कातिब’ म्हणजे लेखक आहे. ज्या समाजात लिहिता येणारी माणसे मोजकी होती, तेथे हा कातिब बाहेरून बोलावलेला असे. आजच्या भाषेत तो सेवादाताच होय. अल्लाहने त्याच्यावर कोणती बंधने घातली? त्याने न्यायाने लिहावे आणि अल्लाहने आपल्याला ही विद्या दिली आहे हे स्मरून लिहिण्यास नकार देऊ नये. मजकूर कोणी सांगावा? ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगावा. तो असमर्थ असेल तर त्याच्या वलीने, म्हणजे पालकाने सांगावा. लेखक मजकूर ठरवीत नाही. आणि शेवटी अल्लाह त्या लेखकालाही विसरत नाही : लेखकाला व साक्षीदाराला त्रास देऊ नये, अशी ताकीद तेथेच आहे.

एका आयतीत संपूर्ण व्यवस्था उभी राहते. लेखणी लेखकाची, कौशल्य लेखकाचे, मेहनत लेखकाची. परंतु मजकूर त्याचा नाही आणि त्या मजकुरातून सिद्ध होणारा हक्कही त्याचा नाही. लिहिल्यामुळे कोणी मालक होत नाही. चौदाशे वर्षांपूर्वी चर्मपत्रावर लिहिणाऱ्या कातिबाला जे लागू होते, ते आज कळफलकावर बोटे चालविणाऱ्यालाही लागू आहे.

मुतवल्ली तरी मालक आहे काय?

येथे थांबून आपण स्वतःला एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. सेवादाता मालक नाही, हे आपण चटकन मान्य करतो. पण जमातीचा अध्यक्ष, सचिव किंवा मुतवल्ली तरी त्या दफ्तराचा मालक आहे काय?

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना सल्ला विचारला. प्रेषितांनी सुचविले की मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे. हजरत उमर (रजि.) यांनी तसेच केले आणि ती जमीन विकली जाणार नाही, बक्षीस दिली जाणार नाही, वारसाहक्काने जाणार नाही, अशा अटी घातल्या. इस्लामी इतिहासातील वक्फचा हा आदर्श नमुना मानला जातो. हदीस संग्रहांत असेही नमूद आहे की हा वक्फ लेखी करण्यात आला. मुऐकीब (रजि.) यांनी तो लिहिला, अब्दुल्लाह बिन अल्-अरकम (रजि.) साक्षीदार होते आणि व्यवस्था पाहण्याची जबाबदारी हजरत उमर यांच्या कन्या, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्यावर सोपविण्यात आली. व्यवस्थापकाने रीतसर, बेताने त्यातून खावे, संपत्ती साठवू नये, हेही ठरले.

यातून काय निष्पन्न होते? वक्फची जमीन मुतवल्लीची नाही, म्हणून त्या जमिनीचा कागदही मुतवल्लीचा नाही. तो स्वतःच अमीन, म्हणजे विश्वस्त आहे. आणि जे आपले नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, हे तर व्यवहारातले साधे तत्त्व आहे. ‘आमच्याकडे सांभाळायला माणूस नाही, तुम्हीच ठेवा’ असे म्हणून दफ्तर कायमचे बाहेर देण्याचा अधिकार त्याला नाही. तो काम सोपवू शकतो, जबाबदारी सोपवू शकत नाही. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, या अर्थाची प्रसिद्ध हदीस आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. राखणदाराने कळप दुसऱ्याच्या हाती देऊन झोपी जावे, अशी सवलत त्या हदीसमध्ये नाही.

कोल्हापूरला या तत्त्वाची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. 1906 साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने येथे मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. त्या काळात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी जे उभे राहिले, ते एखाद्या घराण्याच्या नावावर राहिले नाही. ते समाजाचे झाले. अशा संस्थांची हजेरीपत्रके, प्रवेशाच्या नोंदी, देणगीच्या पावत्या म्हणजे पिढ्यांचा इतिहास असतो. कोणत्या गावचा कोणता मुलगा कोणत्या वर्षी शिकावयास आला, हे सांगणारे दुसरे साधन नसते. आज पदावर असणारे उद्या नसतील. दफ्तर मात्र राहिले पाहिजे, कारण ते अद्याप न जन्मलेल्यांचेही आहे.

हफ्सा (रजि.) यांचे सहीफे

प्रत काढण्यासाठी मूळ कागद दुसऱ्याच्या हाती देण्याचा प्रसंग इस्लामी इतिहासात घडला आहे आणि तो साध्यासुध्या कागदाचा नव्हता.

यमामाच्या युद्धात अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या आज्ञेने हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी कुरआनचे लिखित संकलन केले. ते सहीफे, म्हणजे पाने, हजरत अबू बक्र यांच्याजवळ, त्यांच्यानंतर हजरत उमर यांच्याजवळ आणि त्यांच्यानंतर हजरत हफ्सा (रजि.) यांच्याजवळ राहिले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात निरनिराळ्या प्रदेशांना प्रमाण प्रती पाठविण्याची गरज निर्माण झाली. त्या वेळी हजरत उस्मान खलीफा होते. सत्ता त्यांच्या हाती होती, उद्देश पवित्र होता, काम साऱ्या उम्मतच्या हिताचे होते. तरीही त्यांनी शिपाई पाठवून पाने उचलून आणली नाहीत. त्यांनी हजरत हफ्सा यांना निरोप पाठविला की पाने आमच्याकडे पाठवा, आम्ही प्रती काढू आणि पाने तुम्हाला परत करू. चार जाणकारांकडे काम सोपविले गेले. प्रती पूर्ण झाल्या आणि मूळ पाने हजरत हफ्सा यांना परत करण्यात आली. सहीह बुखारीत हा वृत्तान्त आहे.

वाचकहो, या प्रसंगाचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. मागणी स्पष्ट होती. हेतू सांगितला होता. परत करण्याचे वचन आधीच दिले होते. काम कोण करणार हे ठरलेले होते. काम संपताच मूळ वस्तू तिच्या जागी गेली. प्रत काढणाऱ्याने मूळ ठेवून घेतले नाही आणि ज्यांच्याकडे मूळ होते त्यांनीही उम्मतला प्रत नाकारली नाही. दफ्तर बाहेर देण्याचा याहून सुंदर करार कोणता असू शकेल?

बाहेरच्याकडे काम द्यावे काय?

काही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. कागद कोणालाच दाखवावयाचे नाहीत, कपाटाची किल्ली कोणालाच द्यावयाची नाही, अशी त्यांची वृत्ती असते. वाळवी आणि पूर यांना मात्र किल्ली लागत नाही. अशी राखण अमानतीचे रक्षण करीत नाही.

बाहेरच्या माणसाची सेवा घेणे इस्लामला मान्य आहे. हिजरतच्या प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी अब्दुल्लाह बिन उरैकित या वाटाड्याला मोबदला देऊन नेमले. तो मुसलमान नव्हता, पण वाटांचा जाणकार होता आणि विश्वासू होता. आपल्या दोन्ही उंटिणी त्यांनी त्याच्या स्वाधीन केल्या आणि तीन रात्रींनंतर त्या घेऊन सौर गुहेपाशी यावयाचे ठरविले. ठरल्याप्रमाणे तो आला. येथे काम बाहेरच्याला दिले, पण काय द्यावयाचे, कोठे आणावयाचे आणि केव्हा आणावयाचे, हे तिन्ही ठरलेले होते.

माणूस कसा निवडावा? हजरत मूसा (अलै.) यांच्या वृत्तान्तात (28 : 26) नोकरीस ठेवण्याजोगा उत्तम माणूस कोण, तर जो समर्थ आहे आणि अमानतदार आहे, असे सांगितले आहे. हजरत यूसुफ (अलै.) यांनी कोठारांची जबाबदारी मागताना (12 : 55) आपले दोन गुण सांगितले : रक्षण करणारा आणि जाणणारा. दोन्ही ठिकाणी जोडी आहे. केवळ कौशल्य असलेला माणूस कागद उत्तम रीतीने टिपेल आणि दुसऱ्याला विकेल. केवळ भला माणूस कागद विकणार नाही, पण त्याच्या संगणकात ते एके दिवशी नाहीसे होतील. ‘आपलाच पोरगा आहे’ हा निकष या दोहोंपैकी एकाचीही परीक्षा घेत नाही.

आणि कायमचे परावलंबित्व हेही इष्ट नव्हे. मदीनेत दुसऱ्या लिपीतील पत्रव्यवहार परक्याच्या भरवशावर राहू नये, म्हणून प्रेषितांनी तरुण जैद बिन साबित (रजि.) यांना ती लिपी शिकावयास सांगितली आणि त्यांनी ती अल्पावधीत आत्मसात केली. आपल्या प्रत्येक जमातीत दोन-तीन मुला-मुलींना मोडी वाचता येणे, नोंदी लावता येणे आणि संगणकावर त्या सांभाळता येणे, हे या सुन्नतचे अनुसरणच होय. कोल्हापुरात राज्य शासनाचे पुरालेखागार आहे. करवीर संस्थानाची मोडी दफ्तरे तेथे जपली आहेत. मोडी शिकणाऱ्याला याहून मोठी शाळा कोणती?

मोबदला राहिला म्हणून दफ्तर अडवावे काय?

आता मूळ तंट्याकडे येऊ. फुकहांनी, म्हणजे इस्लामी विधिज्ञांनी, अनेकांची कामे घेणाऱ्या कारागिराला ‘अजीर मुश्तरक’ असे नाव दिले आहे. शिंपी, रंगारी, धोबी हे त्याचे नमुने. वस्तू त्याच्या हाती अमानत असते की तो तिच्या नुकसानीस जबाबदार असतो, यावर हनफी इमामांतच चर्चा झाली आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते तिचे स्वरूप अमानतीचे आहे, त्याच्या हातून बिघाड झाल्याशिवाय भरपाई लागू होत नाही. त्यांचे दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), यांनी लोकांच्या मालाच्या रक्षणासाठी त्याला जबाबदार धरले आणि केवळ भयंकर आगीसारखे टाळता न येणारे संकट अपवाद मानले. कोल्हापूरकरांनी येथे स्वतःला विचारावे : 2019 आणि 2021 पाहिल्यानंतर, जुलै महिन्यात नदीकाठच्या तळमजल्यावर जमातीच्या वह्या ठेवणाऱ्याला ‘पूर अचानक आला’ असे म्हणता येईल काय?

मोबदल्यासाठी वस्तू अडविण्याबाबतही फिकहमध्ये बारकाईचा विचार आहे. ज्याच्या कामाचा परिणाम वस्तूतच उरतो, उदाहरणार्थ कापड रंगविणारा रंगारी, तो मजुरी मिळेपर्यंत वस्तू रोखू शकतो. ज्याच्या कामाचा परिणाम वस्तूत उरत नाही, उदाहरणार्थ ओझे वाहणारा हमाल, त्याला वस्तू रोखता येत नाही. या कसोटीवर आपला प्रसंग तपासू या. वही छायाचित्रणासाठी गेली आणि जशी होती तशीच राहिली. छायाचित्र घेणाऱ्याच्या श्रमाचा रंग वहीवर चढला नाही. म्हणून मूळ वही अडवून ठेवण्याला आधार उरत नाही. नव्याने तयार झालेल्या प्रती सुपूर्द करण्यापूर्वी तो आपली मजुरी मागू शकतो, हे समजण्याजोगे आहे. पण रोखून ठेवणे वेगळे आणि मालक होणे वेगळे. रंगारी कापड रोखू शकतो. ते अंगात घालू शकत नाही, विकू शकत नाही. प्रत्यक्ष तंटा उद्भवला तर त्याचा निर्णय जाणकार मुफ्ती व कायद्याचे अभ्यासक यांच्याकडूनच घ्यावा.

आपल्या देशाच्या कायद्यातही हाच भेद दिसून येतो, हे आश्चर्याचे आहे. भारतीय करार कायदा वस्तूवर श्रम व कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू रोखण्याची मुभा देतो. परंतु 2000 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका वकिलाचे प्रकरण आले. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेकडून आपली फी येणे आहे, म्हणून त्याने बँकेच्या खटल्यांच्या फायली अडवून ठेवल्या होत्या. न्यायालयाने निर्णय दिला की पक्षकाराच्या फायली म्हणजे विक्रीचा माल नव्हे. फी थकली तरी वकिलाला त्या अडविता येणार नाहीत. फीसाठी त्याने कायदेशीर मार्ग अनुसरावा, पण कागद परत करावेत. दफ्तर अडविल्याने ज्याचे नुकसान होते तो पुष्कळदा देणेकरी नसतोच. जमातीने पैसे थकविले आणि अडून पडला एखाद्या विधवेचा निकाहाचा दाखला. हा न्याय नव्हे.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची शिकवण आहे. ‘मशिदीचे काम आहे, सवाब मिळेल’ असे म्हणून तरुणाकडून रात्री-अपरात्री काम करून घ्यावयाचे आणि ठरलेली रक्कम देताना सभा तहकूब करावयाची, ही प्रथा अनेक ठिकाणी रुजली आहे. सवाब देणे अल्लाहच्या हाती आहे; मजुरी देणे कमिटीच्या हाती आहे. लेखकाला त्रास देऊ नये, ही कुरआनी ताकीद अशा कमिट्यांसाठीच आहे.

ज्यांची नावे लिहिली आहेत त्यांचे काय?

दफ्तर जमातीचे, इतके म्हणूनही उत्तर पूर्ण होत नाही. निकाहाच्या रजिस्टरमध्ये मेहरची रक्कम आहे, वय आहे, पूर्वीचा तलाक आहे. जकातच्या यादीत त्या माणसांची नावे आहेत ज्यांच्याविषयी कुरआन सांगतो (2 : 273) की ते लोकांना चिकटून मागत नाहीत आणि अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. गरजूंना गुप्तपणे देणे अधिक चांगले (2 : 271) अशी शिकवण ज्या धर्माची आहे, त्याच्या अनुयायांनी ती यादी एखाद्याच्या मोबाइलमध्ये, तेथून व्हॉट्सअॅपवर आणि तेथून निवडणुकीच्या उमेदवाराच्या हाती जाऊ द्यावी काय? ज्या बाईने मान खाली घालून मदत घेतली, तिची लाज त्या यादीत अमानत म्हणून ठेवलेली आहे. बैठकीतील बोलणे अमानत आहे आणि बोलताना माणसाने मागे वळून पाहिले तर ती गोष्टही अमानत ठरते, अशी प्रेषितांची शिकवण आहे. मग जे विश्वासाने लिहून दिले, त्याचे मोल किती मानावे?

देशाच्या 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने माहिती गोळा करणाऱ्याला जे नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असाच होतो. माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम दुसऱ्याला दिले तरी जबाबदारी मूळ विश्वस्ताचीच राहते आणि असे काम वैध करारानेच द्यावे, असे हा कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मुसलमानाला मात्र हे समजण्यासाठी त्या तारखेची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

काय करावे?

आपल्या जमातीचे दफ्तर बाहेर देण्यापूर्वी काही गोष्टी लिहून घ्याव्यात आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मूळ कागद आणि त्यांपासून तयार होणारी प्रत्येक प्रत, यादी व तक्ता वक्फचा किंवा संस्थेचा राहील, हे पहिले वाक्य असावे. कोणते कागद, किती पाने, कोणत्या स्थितीत दिले, याची मोजदाद देताना व घेताना दोन्ही वेळा करावी. शक्य असेल तेथे मूळ कागद बाहेर न पाठविता सेवादात्यालाच मशिदीच्या किंवा संस्थेच्या कचेरीत बोलवावे. पोर्टलवरील खाते संस्थेच्या मोबाइल क्रमांकावर व ईमेलवर असावे. ओटीपी ज्याच्या हाती, किल्ली त्याच्या हाती. परवलीचा शब्द एकट्या अध्यक्षाकडेही नसावा, कारण मृत्यू अध्यक्षालाही येतो. प्रती उघडता येतील अशा नेहमीच्या स्वरूपात मिळाव्यात आणि त्यांपैकी एक संच पुराच्या रेषेपासून दूर ठेवावा. काम संपल्यावर किंवा मतभेद होऊन थांबल्यावर किती दिवसांत सर्व परत करावयाचे आणि सेवादात्याच्या संगणकातून काय पुसावयाचे, हे ठरलेले असावे. मोबदला किती, केव्हा आणि वाद झाल्यास कोणाकडे जावयाचे, हेही त्याच कागदावर असावे. मुसलमान आपल्या अटींना बांधलेले असतात, ही हदीस अटी लिहिलेल्या असतील तरच उपयोगी पडते.

आणि जे तरुण हे काम करतात त्यांना एक विनंती. तुमच्या हाती आलेली ही माहिती उद्या तुम्हाला धंद्याची संधी वाटेल. कोणाच्या घरी लग्नायोग्य मुलगी आहे, कोणती जागा भाड्याने आहे, कोणता वक्फ वादात आहे, हे सारे तुमच्या पडद्यावर आहे. हिजरतच्या रात्री मक्केचे लोक प्रेषितांच्या जिवावर उठले होते आणि त्याच लोकांच्या ठेवी प्रेषितांकडे होत्या. घर सोडतानाही त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते त्या ठेवी परत करण्यासाठी. जिवाच्या वैऱ्याची ठेव ज्यांनी परत केली, त्यांची उम्मत असताना काही हजार रुपयांच्या थकबाकीसाठी आपण अल्लाहच्या घराचे कागद अडवावेत, हे शोभते काय? अमानती त्यांच्या हकदारांना पोहोचत्या करा, हा आदेश (4 : 58) मैत्री आणि वैर पाहत नाही.

शेवटी त्या दफ्तराचे स्मरण ठेवू या, जे कोणा सेवादात्याकडे सोपविलेले नाही. आपल्यावर सन्माननीय लेखक नेमलेले आहेत (82 : 10-12) आणि आपण जे करतो ते त्यांना ठाऊक असते. त्या दिवशी ग्रंथ समोर ठेवला जाईल आणि अपराधी थक्क होऊन म्हणतील की याने तर लहान-मोठे काहीच सोडले नाही (18 : 49). ते दफ्तर पुरात भिजत नाही, तंट्यात अडकत नाही, कोणाच्या सोयीने पुसले जात नाही. आपण सांभाळलेल्या प्रत्येक वहीची नोंद त्यात असेल. आणि जी वही आपल्या निष्काळजीपणाने गेली, तिचीही.

हे अल्लाह, आमच्या पूर्वजांनी तुझ्या मार्गात जे अर्पण केले, त्याचे कागद सांभाळण्याची पात्रता आम्हाला दे. आमच्या लिहिणाऱ्या हातांना न्याय आणि लिहून घेणाऱ्या हातांना उदारता दे. ज्यांची नावे आमच्या वह्यांत आहेत, त्यांची अब्रू आमच्या हातून सुरक्षित ठेव. आमीन.